सव्वाशे गाड्या माती

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्याहून म्हातारा आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही असताना कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण हे तोंडानं सांगायचं धाडस मला कधीच झालं नाही.

पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला, त्याच्या फुटबॉलच्या मैदानावर तुम्ही मुकादम माळी आणि तिथल्याच ऑफिसात मी नवा कारकून. पावसाळा सरला की गवतावर माती, वाळू आणि कुजलेल्या शेणखताचा पातळ थर द्यायचा. त्याला काय किती लागेल ते तुम्ही सांगायचं आणि मी कागदावर उतरवायचं. त्या साली तुम्ही सबंध मैदान अनवाणी चाललात, ठिकठिकाणी टाचेनं जमीन दाबून पाहिलीत आणि म्हणालात, "काळ्या मातीच्या सव्वाशे गाड्या लिव्ह." मी लांबी, रुंदी, जाडी गुणून शंभर काढल्या होत्या. वरच्या पंचवीस कशाला, असं विचारलं तर तुम्ही हसलात. "मोकळी माती फुगल्याली असती. पाणी पडलं, रोलर फिरला की बसती. कागदावरची बसत न्हाई." मला ते पटलं होतं, आबा. पण शेजारच्या टेबलावरचा कारकून डोळे मिचकावून विचारायचा, "काय राव, यंदा वडिलांच्या शेतात किती गाड्या?" आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी शंभरच लिहिल्या. तुम्ही काही न विचारता खाली अंगठा उठवलात.

शंभरावी गाडी रिकामी झाली आणि एका गोलपोस्टपुढचा मोठा तुकडा तसाच उघडा राहिला. सामना आठ दिवसांवर. साहेब मैदानात येऊन उभे आहेत, त्यांच्यामागे मी कागद धरून उभा आहे. "मुकादम, हे काय?" तुम्ही एकदा माझ्याकडे बघता. तेवढ्यात तुम्हाला सगळं कळलेलं असतं. "माजाच अंदाज चुकला, साहेब. म्या भरून देतो."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही घरची बैलगाडी घेऊन थेरगावच्या बाजूला पवनेच्या काठावर माती खणायला जाऊ लागलात. काठ पावसानं भिजून मऊ झाला होता, आणि चांगली माती खालीच असते म्हणून तुम्ही खालून पोखरत गेलात. चौथ्या दिवशी दुपारी वरची दरड तुमच्यावर आली. आम्ही हातांनी माती उपसून तुम्हाला बाहेर काढलं, तेव्हा तुमच्या तोंडात माती होती. ती मी माझ्या बोटांनी काढली. तुम्ही भरून ठेवलेली शेवटची गाडी दुसऱ्या माळ्यानं नेऊन गोलपोस्टपुढं पसरली आणि सामना ठरल्या दिवशी झाला.

दहाव्याला लोक म्हणाले, एवढा जाणता माणूस, पण अंदाजात फसला. मी मान हलवली. आई जाईपर्यंत तेच म्हणत राहिली, आणि मी तिलाही खरं सांगितलं नाही.

हे पत्र नातवंडांच्या हाती लागायच्या आत फाडून टाकीन. तुम्ही साहेबांपुढं चूक अंगावर घेतलीत तेव्हा मला रडू आलं, असं मी आजवर स्वतःलाच सांगत आलो. रडू आलं नव्हतं, आबा. सुटलो, एवढंच वाटलं होतं.