मला आठवत नाही, असं मी म्हणाले

सलिल,

तुला कामावरून काढलं त्याला दोन महिने झाले. निघोज्याच्या आपल्या कंपनीत अजूनही मशीन चालवणारं सगळं सॉफ्टवेअर एकाच फोल्डरमध्ये असतं आणि कोणी काय बदललं याची कुठेच नोंद नसते. नोंद ठेवणारी सिस्टीम घ्या, म्हणून मी चार वर्षं भांडले. देशमाने सर हसायचे, "मॅडम, इथे काय चोर बसलेत का?"

त्या दिवशी कारखान्यातली उत्पादनाची लाइन बंद पडली ती माझ्यामुळे. तू दुरुस्त केलेल्या फाइलवर मी घाईत माझी जुनी फाइल टाकली. नोंद नव्हती, म्हणून मी वाचले. सरांसमोर तू विचारलंस, "अनुया, तू तरी सांग, मी दुरुस्त केली होती ना?"

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

आज माणच्या एका कंपनीतून फोन आला. तुझ्याबद्दल चौकशी करायला तू माझंच नाव दिलं होतंस. मी तुझं कौतुक केलं.

"मग त्यांना का काढलं?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

"चूक त्याचीच होती."

त्या बाई मला ओळखतही नव्हत्या, सलिल. त्यांना खरं सांगता आलं असतं.

हे तुला पाठवायची हिंमत नाही.

अनुया