हवा मानवली

४ फेब्रुवारी
आलो एकदाचा! टेकडीवर टॉवर, टॉवरखाली यंत्रांची खोली आणि तिच्या भिंतीला लागून माझी. खाट, टेबल, शेगडी, एक खिडकी. राजाच आहे मी इथला. टॉवरवरच्या तबकड्या दिवसरात्र मायक्रोवेव्ह लहरी सोडतात. मी मीटर बघायचं, जनरेटरला डिझेल पाजायचं आणि ऑफिसला फोन करून सगळं ठीक आहे म्हणायचं. सामान घेऊन आलेले जीपवाले मामा फाटकाच्या आत आले नाहीत. म्हणाले, गुडघे दुखतात. चार पावलांत कसले गुडघे दुखतात! ताईला फोन केला. आई गेल्यापासून मला ओरडायचं काम तिच्याकडे आहे, ते तिने मनापासून केलं.

२६ फेब्रुवारी
शिंका बंद! धुळीने जन्मभर नाकी नऊ आणले होते. इथे जुनाट ब्लँकेट तोंडावर ओढून झोपतो, तरी एक शिंक नाही. ताईला म्हटलं, इथली हवा मानवली मला. ती म्हणाली, आता एखादं माणूसही मानवून घे. हसलो. पण फोन ठेवल्यावर खोली फार मोठी वाटली. यंत्रांची घरघर सोडली तर कुणाचा आवाज नाही. हल्ली मी मीटरशी गप्पा मारतो. तो ऐकून घेतो बिचारा.

१९ मार्च
खोकं फोडताना बोटात लाकडाची ढलपी घुसली होती, ती तशीच राहून गेली. आज पाहिलं तर सूज नाही, पू नाही. कातडी वरून मिटून गेली आहे आणि आत ढलपी निवांत दिसते. दुखतही नाही.

८ एप्रिल
खालच्या गावात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्त तपासलं. म्हणाले, पांढऱ्या पेशी जागेवर आहेत, पण काम करत नाहीत. राखणीच्या कुत्र्याने येईल त्याच्यापुढे शेपूट हलवावी, तसं झालंय. अंगाला आपलं कोण आणि परकं कोण हेच कळेनासं झालंय, म्हणून शिंक नाही, सूज नाही. मी लहरींचं विचारलं. ते म्हणाले, थोड्याच असतील, पण रोजच्या रोज अंगावर घेणाऱ्याचं काय होतं ते मला माहीत नाही. नोकरी सोडा. ऑफिसला कळवलं. लहरींची पातळी मर्यादेच्या खूप खाली आहे म्हणे. बदली माणूस मिळेपर्यंत थांबा.

२ मे
पत्र्याने हात कापला होता, त्यावरची पट्टी निघत नाही. तिची कडच सापडत नाही. कापडाच्या विणीतून माझे केस उगवलेत. कात्री लावली.

रक्त आलं. कापडातून.

११ मे
दुपारी डोळा लागला. उठलो तर ब्लँकेट गालाबरोबर आलं. ओढून काढलं. ते लिहीत नाही.

आता सारखा हलत राहतो. मामा फाटकातून ओरडले, चल, बस जीपमध्ये. एवढा वेळ त्या सीटवर बसलो, तर तीही अंगाबरोबर येईल. परत फिरलो.

फोनवर ताई म्हणाली, मी येते. मी ये म्हणालो नाही. नको असंही म्हणालो नाही. फार एकटं वाटतं इथे.

१५ मे
ताई दाराबाहेर आहे. मी आतून सगळं सांगितलं. म्हणते, तुझा शेंबूड पुसलाय मी, मला काय घाबरवतोस. मी म्हटलं, जा. ती पायरीवर बसून रडतेय —

कडी काढली. हात लावू देणार नाही तिला.

संध्याकाळ
तिने माझा गाल पाहिला आणि माझा हात हातात घेतला. किती महिन्यांनी माणसाचा हात. ऊबदार. सोड म्हणायचं होतं. म्हटलं, थोडाच वेळ — थोडाच —

डाव्या हाताने लिहितोय. ती खुर्चीत झोपलीय. दमून आली होती. मलाही झापड आली होती, किती वेळ ते —

माझी बोटं कुठे संपतात ते दिसत नाही. तिच्या नाडीचा ठोका माझ्या कोपरात लागतोय.

जागी झाली. हसली. म्हणते, सोड रे आता, चहा टाकते.

ताई, हात मी धरलेलाच नाहीये —