नेलपॉलिशची रेघ

रविवार, ग्वारीघाटाहून परतल्यावर

इंजिन जोरात फिरते, पण भरलेली नाव पुढे जात नाही. काहून? ह्यांचं म्हणणं, इंजिनाचा पाण्यातला पंखा जास्त पिचचा, म्हणजे जास्त पीळदार पात्यांचा घेऊ, एका फेऱ्यात नाव जास्त पुढे जाईल. मला पटेना. पंख्याला दांड्याशी धरून ठेवणारा मधला रबरी बुशच घसरत असेल तर? म्हणून सकाळी बुशपासून पंख्यापर्यंत माझ्या लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. बुश घसरला तर रेघ तुटेल.

रिकामी नाव फिरवली. रेघ जशीच्या तशी. मग वजन पाहिजे म्हणून सासूबाई, नणंद आणि दोन्ही जावांना पलीकडे दर्शनाला नेतो सांगून बसवलं. भर धारेत इंजिन किंचाळलं, नाव थांबली. सासूबाई "नर्मदे हर" करून राहिल्या, हे वल्हं शोधून राहिले, आणि मी हसून राहिली! काठाला लागल्यावर आधी रेघ पाहिली. दोन तुकडे, मध्ये दोन बोटांचं अंतर.

"जास्त पिचनं बुशवर अजून ताण येईल. कमी पिचचाच आणा," मी म्हटलं. हे फक्त "अच्छा" म्हणाले.

उद्या नवा पंखा बसेल. त्याच्यावरही रेघ ओढणार. पण तपासायला तेवढंच वजन लागेल, आणि घरातलं आता कोणीच माझ्यासोबत दर्शनाला यायला तयार नाही.