दिशासाठी रडू दे

रत्नागिरी,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सुजय यास,
प्रभूमध्ये सलाम आणि आईचा आशीर्वाद.

तुझा मित्र सागर या आठवड्यात तुझ्याच जहाजावर रुजू होतोय, म्हणून त्याच्याकडे हे पत्र देते. फोनवर विषय काढला की तू घाईने फोन ठेवतोस.

माझे गुडघे बरे आहेत. दारातल्या हापूसला मोहर चांगला धरलाय. सागरकडे कुळथाचं पीठ दिलंय, पिठी करून खा. दर्शनाही आता जेवतेखाते.

पण ती इथे नाही, सुजय. देवरूखला आईकडे गेलीय.

दिशाला मातीत ठेवलं त्या दिवशी तू जहाजावरून निरोप पाठवलास, "आपलं बाळ प्रभूजवळ आहे, कोणी रडायचं नाही." पाळकांनी तो चर्चमध्ये मंडळीला ऐकवला. लोक म्हणाले, काय हा विश्वास! तुझी बायको तो निरोप पाळत राहिली. दूध दाटून छाती ठणकायची, भिंतीकडे तोंड करून पडायची, पण डोळ्यांत पाणी नाही. अन्नच सुटलं तिचं.

गेल्या रविवारी उपासनेत चर्चचे पंच हरिश्चंद्रकाका म्हणाले, "दर्शना, तू एक टिपूस गाळलं नाहीस. पुढे येऊन तुझ्या विश्वासाची साक्ष दे." ती उभी राहिली. पण पाऊल पुढे उचलेना. मी उठले, तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "ती साक्ष देणार नाही. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे प्रभूला ठाऊक होतं, तरी तो रडलाच ना? मग माझ्या सुनेने का रडू नये?"

तिला कुशीत घेतलं. तेव्हा जी रडली ती! जिचा मुलगा बोटीवरून परत आला नाही ती तुळसामावशी उठली आणि आमच्याजवळ जमिनीवर येऊन बसली. तिचेही डोळे वाहत होते.

चर्चच्या पायरीवर हरिश्चंद्रकाकांनी मला गाठलं. "नवीन माणसं आली होती, सावित्रीबाई. त्यांना काय वाटलं असेल?"

"आमचं लेकरू गेलंय, असं वाटलं असेल."

त्या दुपारी दर्शनाने बांगड्याचं कालवण आणि भात मागून घेतला. संध्याकाळी म्हणाली, "आई, मी माहेरी जाते. इथे रडले की वाटतं, मी यांचा विश्वास मोडतेय." मी अडवलं नाही. मीच तिला एसटीत बसवून दिलं.

आता तुझं. दिशाला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या घालणारा बाप मी पाहिलाय. ती गेल्यापासून तिचं नाव तुझ्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. जे नाव तुला घेववत नाही, त्याबद्दल तू प्रभूला तरी काय सांगत असशील?

दर्शनाला फोन कर. बायबलातली वचनं सांगू नकोस, ती तिला पाठ आहेत. दिशाचं नाव घे. मग रडू आलं तर येऊ दे. लोकांना काय उत्तर द्यायचं ते मी देईन, आणि पुन्हा उभं राहायची वेळ आली तर पुन्हा उभी राहीन.

सुनेला मी परत बोलावणार नाही. सुट्टीवर आलास की आधी देवरूखला जा. ती तयार झाली तर दोघं मिळून लेकीच्या कबरीवर जा. तू अजून ती पाहिलेली नाहीस.

तुझ्या आसवांची लाज न बाळगणारी,
तुझी आई
सावित्री