चार सामन्यांचं विजेतेपद

३ जानेवारी
ग्लेनहार्डी रोव्हर्स या आमच्या गावच्या फुटबॉल क्लबला यंदा सव्वाशे वर्षं. क्लबचा लीगमधला इतिहास लिहायचं काम मला मिळालं. सेक्रेटरी कॉगहिल म्हणाले, "मॉर्वेन, तुझ्याशिवाय कोणाला जमणार?" खरंच आहे. आमच्या मासे कापणाऱ्या घराण्यात पदवी घेतलेली मीच पहिली. रोज दोन पानं. मार्चअखेर पूर्ण.

११ जानेवारी
एकही पान नाही. आधी मांडणी पक्की हवी. घाई म्हणजे बेजबाबदारपणा. तूर्त एवढंच: खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलो नऊ वेळा, लीग जिंकलो एकदाच, १९३९-४० मध्ये. तेव्हाचे कप्तान रॅब गेडिस, माझे पणजोबा. क्लबच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत नाव आहे.

२ फेब्रुवारी
डंडी शहरातल्या लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं पाहिली. सप्टेंबर १९३९: युद्ध सुरू, लीग रद्द, झालेले निकाल बाद. तोवर झाले होते चार सामने. चारही आम्ही जिंकले, पहिल्या नंबरावर होतो, आणि तिथेच सगळं संपलं. विजेते कोणीच नाहीत. तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचणं ही पळवाट होती, तरी वाचलं.

३ फेब्रुवारी
खरं तेच लिहीन. बाबांना आधी धक्का बसेल, मग अभिमान वाटेल. उद्या सांगते.

४ फेब्रुवारी
बाबांना सर्दी. आज नको.

१६ फेब्रुवारी
०-४ हरलो. अशा दिवशी कसं सांगणार? जिंकू त्या दिवशी सांगीन.

२३ मार्च
अजून जिंकलेलो नाही. त्या वर्षाचं प्रकरण लिहून थेट कमिटीकडे पाठवलं. हेच जास्त रीतसर.

२ एप्रिल
कमिटीपुढे प्रकरण वाचून दाखवलं. आवाज फारसा कापला नाही. कॉगहिल म्हणाले, "बरोबर आहे. गावात सगळ्यांना ठाऊक आहे हे." सामन्यांना मटणाच्या पाई विकणारी, कमिटीतली नॅन हसत सुटली. "चार वर्षं शिकलीस ती हे शोधायला? माझ्याकडे आली असतीस तर चहा पिता पिता सांगितलं असतं!"
मग मलाच का लिहायला सांगितलं, असं विचारलं. कॉगहिल म्हणाले, "आमच्यापैकी कोणी 'विजेते' असं लिहिलं असतं तर शेजारच्या गावाने दात काढले असते. तू शिकलेली. तू लिहिलंस की कोणाची तोंड उघडायची हिंमत नाही."
ऐकायला आलेले बाबा कोपऱ्यात बुटांकडे बघत बसले होते. घरी येताना एवढंच म्हणाले, "पोरी, आपल्या घरात दुसरं आहे काय गं?"

९ एप्रिल
मार्ग सापडला. यादीत त्या वर्षापुढचं 'विजेते' खोडून 'लीग थांबली तेव्हा पहिल्या क्रमांकावर'. खाली तळटीप. खरेपणाही राहिला, बाबांचा मानही राहिला. कमिटीला पटणारच. न पटायला काय झालं?

११ मे
पुस्तक आलं. पान एक्केचाळीस: 'विजेते.' तळटीप ठेवली आहे. तिच्यात छापलंय: 'सर्व नोंदी मॉर्वेन गेडिस, एम.ए., यांनी मूळ कागदपत्रांवरून स्वतः तपासल्या आहेत.'
जाब विचारायला तडक मैदानावर गेले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. फाटकापाशी टेबल, टेबलावर पुस्तकांचा ढीग, आणि बाबा लग्नातला कोट घालून लोकांना रांगेत उभं करत होते. "ही बघा, आमची मॉर्वेन! हिनेच लिहिलंय!" म्हणाले, आणि माझ्या हातात पेन दिला.
एकशे बारा सह्या केल्या. खाडाखोड एकाही ठिकाणी नाही.