पोकळ नळ्यांची हकीकत

मी, बी-तपासणी प्रयोगशाळेची निवृत्त फोटोग्राफर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचे दडपण नाही. गुडघे कुरकुरतात, डोके शाबूत आहे.

१. राहती खोली व बँकेतील शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला मिळावी. उत्तरेकडची खिडकी तिने बुजवू नये. त्या उजेडात फ्लॅश लागत नाही.

२. कॅमेरा व स्टँडही भाचीलाच. एक्स्टेंशन ट्यूब तिच्याकडे आहेतच, पण त्यांची हकीकत इथे नोंदवणे भाग आहे. तिला मुंग्यांचे फोटो जवळून काढायचे होते. त्यासाठीची खास लेन्स आमच्या कोणाच्याच आवाक्यात नव्हती. मी तिला कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणाऱ्या तीन नळ्या आणून दिल्या. लेन्स थोडी पुढे सरकते, इतकेच. पण त्यामुळे अगदी जवळचेही स्पष्ट आणि मोठे दिसते. नळीत काच नसते, म्हणून स्वस्तातली घेतली तरी चित्र बिघडत नाही. मात्र आत कॅमेऱ्याचा इशारा लेन्सपर्यंत पोचवणारे धातूचे बारीक ठिपके असलेली घ्यावी, नाहीतर लेन्स कॅमेऱ्याचे ऐकत नाही. बसवून हलवून पाहावी. डुगडुगली तर परत करावी.

धाकटीने नळी डोळ्याला लावली. "ताई, काच काढून ठेवलीस आणि नुसती डबी दिलीस होय माझ्या पोरीला?"

"अगं, ती पोकळच असते."

"तुझ्या मायेसारखी."

त्यानंतर ती या घराची पायरी चढलेली नाही. भाची येते. परवा तिने पाणी पिणाऱ्या मुंगीचा फोटो दाखवला. थेंबात माझी खिडकी उलटी उमटली होती.

३. प्रयोगशाळेच्या साहेबांनी माझे बियांचे फोटो स्वतःच्या नावाने छापले. त्यांना माझा बंद पडलेला फ्लॅश द्यावा. चमकायची हौस त्यांनाच होती.

४. धाकट्या बहिणीला मी काहीही ठेवत नाही. भाचीने वाईट वाटून घेऊ नये. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. आणि साक्षीदाराने माझ्यासमोर येऊनच सही करायची असते. मला साक्षीला धाकटीच हवी आहे. तसा निरोप धाडला आहे. भाचीने नळ्या कॅमेऱ्याला लावून ठेवल्या आहेत. समोर गाजराचे एक बी आहे.

स्थळ: माझी खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सकाळ.
लिहून देणार: ताई (सही)

साक्षीदार पहिला: खालचा चष्मेवाला. बाईंनी माझ्यादेखत सही केली. (सही)

साक्षीदार दुसरी: धाकटी. ताईने माझ्यादेखत सही केली. नळीत काच नाही, हेही पाहिलं. गाजराच्या बियाला एवढे काटे असतात, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. उद्या टोमॅटोचं घेऊन येते. (सही)