लोहाचं दार

कोपनहेगन, ३ फेब्रुवारी
प्रिय एस्बेनदादा,
स. न. वि. वि.
नवं औषध सुरू झाल्याचं इंगेवहिनीनं कळवलं. तुझ्या फुप्फुसांत लहानपणापासून ठाण मांडून बसलेल्या जंतूंना लोहाची भारी हाव. हे औषध लोहाला चिकटून त्यांच्याच दारानं आत शिरतं नि त्यांना मारतं. तेव्हा गुमान टोचून घे, नर्सबाईंशी हुज्जत नको.
तुझी धाकटी,
रॅग्ना

स्केगन, २८ फेब्रुवारी
चि. रॅग्नास,
अ. आ. ताप गेला. रविवारी किनाऱ्यापर्यंत चालत गेलो. इंगे मागून वाऱ्याच्या नावानं ओरडत होती, मी बहिरा झालो. राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासळी चापली. उन्हाळ्यात बोट रंगवायचीय, ब्रश तुझ्या हाती.
माया असू दे.
दादा

कोपनहेगन, ९ एप्रिल
प्रिय दादा,
स. न. वि. वि.
ताप उलटल्याचं कळलं. तुझ्या थुंकीचा नमुना इथे आमच्या प्रयोगशाळेत आला, तो मीच तपासला. दुसऱ्या कुणाला देववेना. जंतूंच्या जनुकात एक बारीकसा बदल झालाय. लोहाचं ते दार बंद पडलंय, औषध बाहेरच राहतं. लोह ते आता तुझ्या रक्तातून घेतात. आमचे प्रमुख म्हणाले, निष्कर्ष फार सुरेख आहे. मी उठून बाहेर गेले.
तुला खोटं लिहिता येत नाही. कधी येऊ?
रॅग्ना

स्केगन, १४ एप्रिल
चि. रॅग्नास,
अ. आ. थुंकीतलं रक्त मला दिसतच होतं. तूच सांगितलंस ते बरं. डॉक्टर नुसते चष्मा पुसत बसतात. लगेच ये. जंतूंचा विषय काढायचा नाही. आईच्या करपलेल्या केकवर हसू. इंगेला अजून सगळं सांगितलेलं नाही, ते आपण दोघं मिळून सांगू.
वाट बघतोय.
दादा

स्केगन, २ जून
प्रिय रॅग्ना,
दफनाच्या दिवशी विचारायचं राहून गेलं. त्याचे ते जंतू तुमच्याकडे गोठवलेत म्हणालीस. अजून जिवंत आहेत? तो नाही, आणि ते आहेत? फेकून दे बाई.
इंगे

कोपनहेगन, ७ जून
प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.
हो, जिवंत आहेत. तुझं पत्र वाचून मी ती कुपी फेकायलाच काढली होती. मूळ नमुना आहे तो. जंतूंबरोबर दादाचं थोडं रक्तही आहे त्यात. एरवी जंतू नि रक्त वेगळं करणं हेच माझं काम. पण या वेळी ना वेगळं करवलं, ना फेकवलं. कुपी पुन्हा जागेवर ठेवून दिली.
रागावू नकोस. मला अजून थोडे दिवस दे.
तुझी,
रॅग्ना